मागच्या बाजूचे ठोकळे

सत्तावीस ठोकळ्यांची थप्पी फळ्यावर काढायला मला बरोबर चार मिनिटं लागतात. समोर तीन बाय तीन, उजवीकडे तिरक्या रेघा ओढून तीन बाय तीन, आणि वर तसंच झाकण. तीस वर्षं काढतोय. आता उजवा खांदा धरतो, त्यामुळे वरच्या रेघा वाकड्या येतात आणि पोरं खुदखुदतात. हसेनात का. गणिताच्या तासाला हसायला तेवढंच एक निमित्त असतं त्यांना.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दुसरबीडहून सहा किलोमीटर आत. पहिली ते पाचवी, पट एकतीस, शिकवणारे दोन, मी आणि पूनम मॅडम. मॅडम नव्या आहेत, त्यांच्यात अजून उत्साह आहे. माझ्यातही होता. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर मी पोरांकडून घडणी कापून घ्यायचो, म्हणजे असा सपाट आकार कापायचा की घड्या घातल्यावर त्याची पेटी झाली पाहिजे. आधी विचारायचो, ही बाजू कोणत्या बाजूच्या समोर येईल? पोरं डोळे मिटून मनातल्या मनात पुठ्ठा दुमडायची. त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत बसायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठीच मास्तरकी केली.

मग एकेक सुरू झालं. मतदार याद्या, जनगणनेची तालीम, हात धुताना पोरांचे फोटो, झाड लावताना पोरांचे फोटो, आणि दर दोन दिवसांनी मोबाइलवर एक नवी लिंक, आजच्या आज भरा म्हणून. विभागाने लाकडी ठोकळ्यांची एक पेटी पाठवली होती. ती लोखंडी कपाटात कुलपात आहे, कारण एक ठोकळा हरवला तर मला तीन पानी खुलासा द्यावा लागतो. म्हणून मी फळ्यावर रेघा ओढतो आणि खांदा चोळतो.

त्या वर्षी मात्र त्या रेघांना किंमत आली, ती प्रतीक्षामुळे.

आमच्याकडे पाचवी झाली की शाळा संपते. पुढे दुसरबीडला जायचं. बस येते, पण पावसाळ्यात अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरते, आणि तिथपर्यंत चिखल तुडवत कोण जाणार? प्रतीक्षाची मोठी बहीण करिष्मा दोन वर्षं गेली. सातवीत दोन महिन्यांचे खाडे पडले, आणि ती घरी बसली ती बसलीच. हिमतीची पोरगी, अक्षर मोत्यासारखं. आता ती मिरचीच्या कट्ट्यांची तोंडं शिवते. कट्टा म्हणजे आमच्याकडे लहान पोतं.

तालुक्याला मुलींची एक निवासी शाळा आहे. पाचवीच्या शेवटी तिची प्रवेश परीक्षा असते. नंबर लागला तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच, बारावीपर्यंत. प्रतीक्षाची आई पुष्पाबाई शाळेत येऊन मला स्वच्छ सांगून गेली होती.

"नंबर लागला तं धाडतो मी हिले, सर. नाई लागला तं मंग करिष्मा हाये तशी हेबी राहील. मी एकटी बाई, दोन एकर मिरची, मले हात लागतात."

बाईचं काही चुकत नव्हतं. नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं शेत ओढलं होतं. पण त्यामुळे सगळा भार त्या एका पेपरावर आला. ऐंशी प्रश्न, त्यातले दहा आकृत्यांचे. ठोकळे मोजा, फासा फिरवला तर खाली कोणता आकडा येईल, घडण दुमडली तर कोणती पेटी होईल. आमची पोरं भाषेत मार खातात, तो काही मी दोन महिन्यांत भरून काढणार नव्हतो. आकृत्यांचे दहा मार्क मात्र मिळवण्यासारखे होते.

तर मी थप्पी काढली आणि विचारलं, यात एकूण ठोकळे किती?

कुणी एकोणीस सांगितलं. ही नेहमीची चूक, दिसतात तेवढेच मोजले. कुणी चोपन्न सांगितलं, म्हणजे सहाही बाजूंचे चौकोन मोजले. कुलदीप नावाचा एक चुणचुणीत पोरगा आहे, त्यानं तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस असं घडाघडा म्हणून दाखवलं. त्याच्या दादानं पाठ करून घेतलेलं होतं. आणि प्रतीक्षा म्हणाली, "पंचवीस."

पंचवीस हे उत्तर मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. चुकीच्या उत्तरालाही एक वाट असते. एकोणीसला आहे, चोपन्नला आहे. पंचवीसला मला वाट सापडेना. मी समजलो, पोरीनं अंदाजपंचे ठोकून दिलं.

"पुन्हा मोज."

तिनं फळ्याकडे पाहिलं, बोटं हलवली. "पंचवीस."

दुसऱ्या दिवशी मी समजावून सांगितलं. दिसतात ते एकोणीस, त्यांच्या मागे दडलेले आठ, मिळून सत्तावीस. सगळ्यांनी मान हलवली. तिनंही हलवली. तिसऱ्या दिवशी तीच थप्पी काढली, विचारलं, आणि ती पुन्हा पंचवीस. पालथ्या घड्यावर पाणी! त्या दिवशी सकाळीच एका लिंकपायी वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती, खांदा ठणकत होता. मी डस्टर टेबलावर असा आपटला की खडूची पूड माझ्याच डोळ्यात गेली.

"काऊन पंचवीस? कुठून आणलं पंचवीस? तीन दिवस झाले घसा कोरडा करून राह्यलो मी! आईले काय तोंड दाखवशील?"

आईचं नाव काढायला नको होतं. ते मला तेव्हाही कळलं. ती खाली बसली. त्यानंतर सात-आठ दिवस मी तिला काहीही विचारलं की ती उभी राहायची आणि गप्प.

पूनम मॅडम मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "सर, तुम्ही तिला किती ते विचारलं. कसं ते नाही विचारलं."

"मॅडम, तुमची नोकरी दोन वर्षांची," मी म्हटलं. "मला ते सगळं डी.एड.चं येतं." आणि लिंक भरायला बसलो. त्यांचं बरोबर आहे हे कळत होतं म्हणूनच राग आला होता.

पुढच्या आठवड्यात प्रतीक्षा तीन दिवस आलीच नाही. मिरचीचा तोडा सुरू झाला होता. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. शाळा सुटल्यावर मी मोटारसायकल काढली आणि तणतणत त्यांच्या शेतावर गेलो. पुष्पाबाईला काय काय सुनवायचं ते रस्त्याने जुळवत होतो.

शेताच्या कडेला पत्र्याचं शेड आहे, दोन्ही बाजूंनी उघडं. दुपारपर्यंत तोडलेली मिरची कट्ट्यात भरून तिथं रचून ठेवतात, संध्याकाळी गाडी येते आणि माल घेऊन जाते. मी पोहोचलो तेव्हा पुष्पाबाई भागवत नावाच्या गड्यावर कडाडत होती.

"भागवत, बंद केलं का तू मागून? किती डाव सांगतलं तुले? काढ ते दोन कट्टे, काढ आधी!"

भागवत कुरकुरत थप्पीमागे गेला आणि त्यानं दोन कट्टे ओढून बाहेर काढले. थप्पीवर उकिडवी बसून प्रतीक्षा वरचा मधला कट्टा सरळ करत होती. मला पाहून तिचा चेहराच उतरला. करिष्मा बाजूला सुई-सुतळी घेऊन बसली होती, तिनं नमस्कार केला.

मी थप्पीकडे पाहिलं. समोर तीन कट्टे, तीन थर. उजवीकडून तीन, तीन थर. वर नऊ. माझी फळ्यावरची आकृतीच कुणी शेडमध्ये आणून ठेवावी, तशी. मी बोलायला आलो होतो ते सगळं विसरलो. चपला तशाच चिखलात ठेवून मी थप्पीला वळसा घातला आणि मागून पाहिलं.

मागच्या बाजूला, मधल्या थरात, बरोबर मध्यावर एक चौकोनी भगदाड होतं. कट्ट्याएवढं. मी वाकून हात घातला तर हात पार थप्पीच्या पोटापर्यंत गेला. आत ऊब होती. एक कट्टा मागचा नाही, आणि त्याच्या पुढचा, अगदी मधोमधचा, तोही नाही. सत्तावीसातून दोन गेले.

"हे काय आहे?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"थप्पीचं नाक हाये ते, सर," पुष्पाबाई म्हणाली. "मिरची ओली असते. ठासून रचली तं मधात तापते, लाल पडते, संध्याकाळलोक वास मारते. वारा मागून येते म्हणून मागून ठेवा लागते. समोरून ऊन लागते, तिकून बंद. वरून तं झाकणच. वरचा कट्टा आडवा टाकला की खाली बसत नाई."

मी प्रतीक्षाकडे वळलो. "तू फळ्यावरच्या थप्पीत हे नाक मोजत होतीस?"

ती मान खाली घालून कट्ट्याची सुतळी ओढत राहिली. शेवटी म्हणाली, "हाव."

"पण चित्रात ते दिसत नाही, बाई."

"चित्रात मागची बाजूच दाखवेल नाई, सर. मंग भरेल हाये हे कसं समजते?"

मी त्या शेडमध्ये एका पालथ्या घमेल्यावर बसलो. डोळ्यांना दिसत नाही त्याचा विचार करायचा, एवढंच तर या धड्याचं सार. ते तीस वर्षं मी पोरांना सांगत होतो, आणि इथं अकरा वर्षांची पोरगी मला सांगत होती की दिसत नाही तिथं भरलेलंच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? पुस्तकाकडे याचं उत्तर नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं, आणि मिरचीचं निमित्त करून मी ते पुसलं.

"वा गं वाघिणी," एवढंच म्हणालो. ती पहिल्यांदा हसली.

निघताना करिष्मा मोटारसायकलपर्यंत आली. आई ऐकणार नाही इतक्या हळू म्हणाली, "सर, हिचा नंबर लावाच. माह्यासारखं नका होऊ देऊ हिचं."

त्या एका वाक्यानं माझा आनंद अर्ध्या रस्त्यात उतरला. घरी आल्यावर जुनी प्रश्नपत्रिका काढली. थप्पीचा प्रश्न होता, अगदी तसाच. खाली चार पर्याय होते. अठरा, एकोणीस, पंचवीस, सत्तावीस. पंचवीस होतंच तिथं, सापळ्यासारखं. उत्तरपत्रिकेवरचे काळे केलेले गोळे मशीन तपासतं. मशीनला काय सांगणार, की बाबा रे, मिरची तापते?

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, मी तिला त्या कुलूपबंद कपाटासमोर बसवलं आणि कपाट उघडलं. खुलासा द्यावा लागला तर देऊ. लाकडी ठोकळे काढून थप्पी रचली, नाकासकट, वरचे ठोकळे नाकात पडू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवून. वर्गाला दाखवली. सगळ्यांना म्हटलं, प्रतीक्षाचं पंचवीस बरोबर होतं, मीच आंधळा होतो. कुलदीपनं उठून थप्पीमागे जाऊन बोट घालून पाहिलं. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. तो दिवस माझा चांगला गेला.

आणि मग सगळी पोरं गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

"हे पाह्य, पेपरात थप्पी आली तं सत्तावीस लिवायचं."

"काऊन?"

"कारण पेपर काढणाऱ्याच्या घरी मिरची नाई."

ती हसली नाही. "मंग आपलं चूक हाये का, सर?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. आपलं चूक नाही पण आपल्याला तिकडे जायचंय, इतकं साधं होतं ते. पण मला दमल्यासारखं झालं होतं आणि परीक्षेला पस्तीस दिवस होते. पोरीच्या डोक्यात दोन उत्तरं राहिली तर ऐन वेळी घोटाळा होईल, अशी भीतीही होती. मी म्हणालो, "हाव, परीक्षेत चूकच हाये. मागं भरेल असते, असंच समजायचं. जे दिसत नाई ते भरेल असते. म्हण."

"जे दिसत नाई ते भरेल असते," ती म्हणाली.

पस्तीस दिवस आम्ही तेच घोटलं. पुष्पाबाईला मी कबूल करून घेतलं होतं, तोडा असला तरी पोरगी रोज दोन तास माझ्याकडे. पायऱ्यांची थप्पी, एल आकाराची, कोपरा तुटलेली. मागं भरेल हाये का? हाव सर. किती? इतके. फाशाच्या गणितात तर तिनं मला मागं टाकलं, मी अजून कागदावर करत असायचो तोवर तिनं मनात फासा तीनदा लोळवलेला असायचा. पहिल्या आठवड्यात थप्पी आली की ती क्षणभर थांबायची, माझ्याकडे पाहायची, मग सत्तावीस म्हणायची. हळूहळू ते थांबणं कमी झालं. मी त्याला प्रगती म्हणून वहीत नोंद केली.

परीक्षेच्या दिवशी तिला, पुष्पाबाईला आणि करिष्माला मीच भाड्याची जीप करून तालुक्याला नेलं. बाहेर आल्यावर म्हणाली, थप्पी आली होती, सत्तावीस लिवलं. मे महिन्याच्या शेवटी यादी लागली. आमच्या शाळेतून आजवर कुणाचा लागला नव्हता, तिचा लागला. पुष्पाबाईनं मला फोन केला आणि फोनवर नुसती रडली. करिष्मानं फोन घेतला आणि म्हणाली, "सर, मी तिची पेटी भरून राह्यली." मी देवासमोर साखर ठेवली, जे मी एरवी करत नाही.

जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि ती दाखला न्यायला आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या, पायात बूट. मी दाखल्यावर सही करायला बसलो आणि एकदम मनात आलं, नव्या पाचवीला हिच्याकडूनच ऐकवावं. फळ्यावर थप्पी काढलेलीच होती. नवी पोरं एकोणीस आणि चोपन्नमध्ये चाचपडत होती. मॅडमही आल्या होत्या.

"ही प्रतीक्षा," मी पोरांना म्हटलं. "हिनं मागच्या वर्षी मला शिकवलं. हिचं उत्तर पुस्तकात नाई. ऐका नीट." मग तिच्याकडे वळलो. "सांग बाई, थप्पीत किती?"

ती फळ्याजवळ गेली. माझ्या वाकड्या रेघांकडे तिनं एकदा पाहिलं. "सत्तावीस."

"तसं नाही. आता परीक्षा नाही. तुझ्या मनातलं सांग. तुझ्या शेडमधलं."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी खरंच विचारतोय की फसवतोय, हे ती शोधत होती. पस्तीस दिवस मीच तिला ते शोधायला शिकवलं होतं. मी मान हलवली, हसलोसुद्धा. एवढं एकदा म्हण, पोरी, एवढं एकदाच.

"सत्तावीसच हाये, सर," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, चुकणाऱ्या माणसाला सांगावं तशी. "मागं भरेलच असते."

पूनम मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला लाज वाटली, इतकी की दाखल्यावर सही करताना नाव वेडंवाकडं आलं. पोरगी शिकली, तिचं घर सुटलं, करिष्मासारखं तिचं झालं नाही, हे सगळं खरं. आणि तिच्यातली जी एक गोष्ट मला तीस वर्षांत एकदाच दिसली होती, ती मीच बुजवली, हेही खरं. दोन्हीतलं एकही मला नाकारता येईना.

तिनं माझ्या पाया पडून दाखला घेतला आणि गेली. नव्या पाचवीनं माना खाली घालून वहीत सत्तावीस लिहून घेतलं.